फोनला आपलं घर कोणी सांगितलं?

जुलैतला एक गुरुवार. सव्वासात वाजले होते, ऐरोलीच्या ऑफिसातून निघायच्या बेतात होते, तेवढ्यात फोनवर आपोआप एक ओळ उमटली: पावसामुळे रस्ता तुंबलाय, घरी पोचायला एक तास पाच मिनिटं. मी कॅबचा विचार सोडून लोकल धरली आणि चाळीस मिनिटांत ठाण्यात चरईला, घरी पोचले. रात्री जेवताना कौतुकाने हे आईला सांगितलं. तिने हातातला घास ताटात ठेवला आणि विचारलं, "अगं, पण त्याला आपलं घर कोणी सांगितलं?"

मी अकरा वर्षं मोबाईल ॲप बनवते. इतक्या वर्षांत हा प्रश्न इतक्या सरळ शब्दांत मला कोणी विचारला नव्हता. त्या रात्री मी तिला दिलेलं उत्तर अर्धवट होतं. ते नीट द्यायचं म्हणून हे लिहायला बसले.

घर कोणी सांगितलं नाही, फोनने ते ओळखलं. रोज रात्री अकरापासून सकाळी सहापर्यंत तो एकाच जागी असतो, चार्जरला लावलेला, हालचाल शून्य, वायफाय तेच. आठवड्यातले पाच दिवस सकाळी दहा ते संध्याकाळी सात दुसऱ्या एका जागी. रात्रीची जागा म्हणजे घर आणि दिवसाची जागा म्हणजे काम, एवढा अंदाज बांधायला फार हुशारी लागत नाही. आणि सातच्या सुमाराला दुसऱ्या जागेवरून पहिल्या जागेकडे रोज एक फेरी होते हे एकदा कळलं, की त्या वेळेला रस्त्याची बातमी द्यावी हे ओघानेच आलं.

प्रसंग ओळखून वागणं याला आपल्याकडे फार चांगला शब्द आहे: प्रसंगावधान. आपण कुठे आहोत, किती वाजलेत, चालतोय की गाडीत आहोत, अंधार आहे की उजेड, हे पाहून जे ॲप आपलं वागणं बदलतं ते प्रसंगावधानी ॲप. रिक्षा बोलावणारं ॲप, पावसाचा इशारा देणारं ॲप, चाललेली पावलं मोजणारं ॲप, सगळी याच घरातली.

ही कल्पना स्मार्टफोनपेक्षा जुनी आहे. १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत इंग्लंडमधल्या केंब्रिजला ऑलिव्हेटी रिसर्च लॅबमध्ये कर्मचारी एक बॅज लावून फिरत. ‘ॲक्टिव्ह बॅज’ त्याचं नाव. हा बॅज दर पंधरा सेकंदांनी अवरक्त किरणांतून आपली ओळख सोडायचा, खोल्यांमध्ये लावलेले सेन्सर ती टिपायचे, आणि कोणाचा फोन आला की तो माणूस ज्या खोलीत असेल तिथल्या टेलिफोनवर वळवता यायचा. पुढे १९९४ मध्ये बिल शिलिट आणि मार्विन थायमर यांनी अशा सॉफ्टवेअरला ‘कॉन्टेक्स्ट-अवेअर’ हे नाव दिलं. मला त्या बॅजची एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तो काढून ड्रॉवरमध्ये ठेवला की माणूस नकाशावरून गेला. चहा प्यायला जाताना कुठे चाललो हे सांगायचं नसेल तर सांगायचं नाही, संपलं. आज आपण फोन घरी ठेवून चहाला जात नाही. चहाचे पैसेही त्याच फोनवरून द्यायचे असतात.

शितावरून भात

लोकेशन म्हटलं की लोकांना जीपीएस आठवतं. जीपीएस बंद केलं म्हणजे झालं, असं आमच्या इमारतीतल्या निम्म्या लोकांना वाटतं. पण फोन शितावरून भाताची परीक्षा करतो, आणि शितं बरीच असतात.

वायफायचंच घ्या. तुम्ही कुठल्याही नेटवर्कला जोडलेले नसलात तरी आजूबाजूच्या राऊटरची, म्हणजे वायफाय देणाऱ्या यंत्रांची, नावं फोनला दिसतात. कुठला राऊटर कुठल्या इमारतीत आहे याच्या मोठमोठ्या याद्या तयार आहेत. राम मारुती रोडवर उभं राहिलं तर त्या क्षणी दिसणाऱ्या आठ-दहा राऊटरांचा संच जगात दुसरीकडे कुठेही दिसणार नाही. म्हणून तर आसपासचे वायफाय शोधणाऱ्या ॲपकडून अँड्रॉइड लोकेशनची परवानगी मागवतो. लोकांना ते चमत्कारिक वाटतं, पण कारण हे आहे.

बऱ्याच फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. समुद्रसपाटीजवळ साधारण आठ मीटर वर गेलं की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो, म्हणजे एक मजला चढला की सुमारे एक तृतीयांश. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये लिफ्टने बाविसाव्या मजल्यावर गेलात, तर तो आकडा किती घसरला यावरून तुम्ही किती मजले चढलात हे काढता येतं. हालचाल मोजणारा सेन्सर आणखी बोलका. चालताना फोन सेकंदाला साधारण दोनदा हलतो, रिक्षात तो सतत थरथरतो, लोकलमध्ये एका लयीत डुलतो आणि दर स्टेशनला थांबतो. या हालचालीच्या सेन्सरसाठी अँड्रॉइडवर साध्या वापराला परवानगीची चौकटही येत नाही. आणि ठाणे सोडल्यावर किती-किती मिनिटांनी गाडी थांबली, एवढ्यावरून ती ऐरोली-रबाळे-घणसोलीच्या बाजूला चालली आहे की मुलुंड-भांडुपच्या, याचा अंदाज बांधता येतो.

हे सगळं मी शिकलेली होते. तरी ते अंगाला भिडलं नव्हतं.

ते भिडलं दोन वर्षांपूर्वी. ऑफिसात एक काम चालू होतं, त्यासाठी नमुना म्हणून खरा लोकेशन डेटा हवा होता. मी म्हटलं माझाच घ्या. दर पाच मिनिटांनी एक नोंद, दिवसाला २८८, दोन आठवड्यांच्या ४०३२. नाव, फोन नंबर, सगळं पुसलं. उरले फक्त आकडे: तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश. फाईल एका सहकाऱ्याला दिली. कोणाची आहे ते सांगितलं नाही.

वीस मिनिटांनी तो माझ्या टेबलाशी आला. त्याच्या स्क्रीनवर ठाण्याचा नकाशा होता आणि त्यावर लाल ठिपके. चरईतल्या आमच्या गल्लीत ठिपक्यांचा घट्ट गोळा झाला होता, कुंकवाचं बोट टेकवावं तसा. दुसरा गोळा ऑफिसवर. शनिवारी सकाळी येऊरच्या पायथ्याला एक बारीक रांग. आणि पाचपाखाडीत एका इमारतीवर एकवीस-बावीस ठिपके, दोन्ही बुधवारचे, साडेसहा ते सातवीस.

"ही तूच ना?" तो म्हणाला. मग त्या पाचपाखाडीच्या ठिपक्यांवर बोट ठेवून, "दोन्ही बुधवारी बरोब्बर पन्नास मिनिटं..." असं म्हणून तो थांबला. चांगला मुलगा आहे, पुढे बोलला नाही. त्या इमारतीत खाली कपड्यांचं दुकान आहे, पहिल्या मजल्यावर सीए बसतात आणि दुसऱ्या मजल्यावर समुपदेशक. बाबा गेल्यानंतरचे काही महिने मी तिथे जात होते. ऑफिसात एकालाही सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही.

नाव पुसलं म्हणजे ओळख पुसली, हा समज त्या दिवशी माझ्यापुरता मोडला. संशोधकांनी तो आधीच मोडून ठेवला होता. २०१३ मध्ये इव्ह-अलेक्झांडर द मॉन्जॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ लाख मोबाईलधारकांच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासल्या. त्यात जीपीएस नव्हतं, फक्त कोणत्या तासाला फोन कोणत्या टॉवरच्या हद्दीत होता एवढंच. तरी एखाद्याच्या जागा आणि वेळा असे चार बिंदू माहीत असले, तर ९५ टक्के माणसं गर्दीतून एकेकटी वेगळी काढता येत होती. चार बिंदू म्हणजे काय? घर, ऑफिस, मुलीची शाळा, बुधवारचं पाचपाखाडी.

दशांश चिन्हाच्या पुढे किती आकडे

इथे बहुतेक चर्चा अशा वळणाने जाते: सोय हवी तर माहिती द्यावी लागेल, माहिती राखायची तर सोय सोडा. मला ही मांडणी खोटी वाटते. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने घ्यायचं एवढा सरळ व्यवहार इथे नाहीच. प्रत्येक सोयीला किती बारीक माहिती लागते, किती वेळापुरती लागते, आणि हिशोब कुठे बसून होतो, हे विचारलं की निम्म्याहून जास्त वेळा असं दिसतं की सोय तीच ठेवून माहिती कितीतरी कमी देता येते.

बारीकपणाचं आधी. ठाणे स्टेशनचा पत्ता आकड्यांत लिहिला तर साधारण १९.१८६ अंश उत्तर, ७२.९७६ अंश पूर्व. दशांश चिन्हानंतर तीन आकडे म्हणजे शंभरेक मीटरची जागा. पाच आकडे लिहिले तर साधारण एक मीटर: तुम्ही इंडिकेटरखाली उभे आहात की वडापावच्या गाडीपाशी, तेही कळतं. उलट दोनच आकडे ठेवले तर सुमारे एक किलोमीटर, त्यात स्टेशन, तलावपाळी, कौपिनेश्वराचं देऊळ, आमची गल्ली सगळं एकत्र आलं.

आता पावसाचा इशारा देणाऱ्या ॲपला काय लागतं? ढग काही आमच्या गच्चीपुरता येत नाही. दोन आकडे भरपूर झाले. रिक्षा बोलवायची तर मात्र पाच लागतात, नाहीतर रिक्षावाले काका गोखले रोडच्या त्या टोकाला आणि आपण या टोकाला. आजारी माणसासाठी रुग्णवाहिका बोलावताना तर पाचही आकडे द्यावेत, त्यात कसलाच विचार करू नये.

हे आकडे कापायची सोय फोनमध्ये आहे आणि फार थोडे लोक ती वापरतात. आयफोनवर २०२० पासून आणि अँड्रॉइडवर २०२१ च्या बाराव्या आवृत्तीपासून परवानगी देताना ‘अचूक’ की ‘अंदाजे’ असं निवडता येतं. अँड्रॉइडवर अंदाजे म्हणजे साधारण तीन चौरस किलोमीटरचा परिसर. बातम्या, हवामान, आसपासच्या बाजारातले भाव दाखवणारी ॲप्स अंदाजे लोकेशनवर तितकीच चांगली चालतात. मी माझ्या फोनवर वर्षभर चालवून पाहिलीत.

वेळेचा मुद्दा समजावायला मला रेल्वेच्या मोबाईल तिकिटासारखं दुसरं उदाहरण सापडलं नाही. कागदाशिवायचं तिकीट गाडीत बसून किंवा फलाटावरून काढता येऊ नये, टीसी दिसला की घाईघाईने तिकीट काढायची पळवाट राहू नये, म्हणून तिकीट काढताना ॲप तुमची जागा तपासतं. रुळांच्या जवळ असलात तर ते नाही म्हणतं. पूर्वी स्टेशनपासून फार लांब असलात तरी नाही म्हणायचं. ती बाहेरची अट २०२४ मध्ये काढून टाकली, आता घरात बसून तिकीट काढता येतं. या साऱ्या खटाटोपात ॲपला खरं तर एकच प्रश्न पडलेला असतो: हा माणूस आत्ता रुळांजवळ आहे का? उत्तर हो किंवा नाही. ते मिळालं की काम झालं. काल तुम्ही कुठे होता आणि तिकीट काढून झाल्यावर कुठे गेलात याच्याशी तिकिटाचा काही संबंध नाही. अशा कामाला ‘ॲप वापरताना’ ही परवानगी पुरते, नाहीतर ‘फक्त या वेळी’. एकदाच परवानगी द्यायची सोय आयफोनवर २०१९ ला आली, अँड्रॉइडवर त्याच्या पुढच्या वर्षी.

‘नेहमी’ ही परवानगी मात्र जपून द्यावी. ती दिलीत की ॲप बंद असतानाही तुमचा माग निघू शकतो. आमच्या धंद्यात ती मागायचा मोह फार आहे. एका कामात आमच्याकडे हाच वाद झाला. ग्राहकाला सामान पोचवणारं ॲप होतं, आणि गिऱ्हाइकाचं लोकेशन सतत घ्यावं असं काही जणांचं म्हणणं. का? तर असू दे, पुढे कधीतरी उपयोगी पडेल. घराघरांत माळ्यावर जसे आइस्क्रीमचे रिकामे डबे साठतात, तसा हा डेटा सर्व्हरवर साठतो. डब्यांचा धोका नाही. या डेटाचा आहे, कारण जे साठवलं ते एक ना एक दिवस चोरीला जाऊ शकतं, विकलं जाऊ शकतं, किंवा कंपनीच दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. शेवटी आम्ही सामान घरी पोचल्यावर चोवीस तासांत लोकेशनच्या नोंदी पुसायच्या असं ठरवलं. तक्रार आली तर तपासायला एक दिवस पुरतो. ते ॲप आजही नीट चाललंय.

माहिती न देता उत्तर देणं

मला यातला सगळ्यात सुंदर वाटतो तो भाग आता येतोय, तो सावकाश वाचा.

हिशोब कुठे होतो, हा तो प्रश्न. आईच्या प्रश्नाकडे परत जाऊ. आपलं घर कुठे हे फोनला कळलं, इथपर्यंत माझी काही हरकत नाही. फोन माझ्याच पर्समध्ये आहे. ते फोनबाहेर गेलं का, हा खरा मुद्दा. तुमच्या रात्रीच्या जागेवरून घर ओळखणं, पावलं मोजणं, फोटोंतले चेहरे वेगळे करणं, ही कामं आता फोनवरच होऊ शकतात. गूगलने तर २०२३ च्या डिसेंबरमध्ये जाहीर केलं की नकाशातला तुमच्या प्रवासाचा इतिहास त्यांच्या सर्व्हरऐवजी तुमच्या फोनवरच ठेवला जाईल. एवढी मोठी कंपनी हे करू शकते, तर छोट्या ॲपला ते जमत नाही हे मी मानायला तयार नाही.

पण काही गोष्टी हजारो लोकांकडून शिकाव्या लागतात. कीबोर्डचंच पाहा. ‘उद्या सकाळी’ लिहिल्यावर पुढचा शब्द ‘येते’ असेल की ‘भेटू’, हे लाखो लोकांच्या टंकण्यातून कळतं. मग सगळ्यांचे खासगी निरोप गोळा करायचे का? २०१७ मध्ये गूगलने आपल्या कीबोर्डसाठी वेगळी वाट दाखवली. शिकण्याचं काम प्रत्येकाच्या फोनवर होतं, निरोप फोनवरच राहतात, आणि वर जातो तो फक्त काय शिकलं त्याचा सारांश, तोही इतर असंख्य फोनांच्या सारांशात मिसळून. याला ‘फेडरेटेड लर्निंग’ म्हणतात.

आणि एक जुनी युक्ती आहे, १९६५ सालची, स्टॅन्ली वॉर्नर नावाच्या संशोधकाची. ती मी थोडी बदलून, आमच्या सोसायटीवर बेतून सांगते. समजा दोनशे घरं आहेत आणि किती घरांनी भाडेकरू न कळवता ठेवलाय हे जाणून घ्यायचं आहे. सरळ विचारलं तर कोणी खरं सांगणार नाही. म्हणून असं करायचं. प्रत्येकाने आपल्या घरात बसून नाणं उडवायचं. छापा पडला तर खरं उत्तर द्यायचं. काटा पडला तर नाणं पुन्हा उडवायचं आणि त्या वेळी छापा आला तर ‘हो’, काटा आला तर ‘नाही’ लिहायचं, खरं काहीही असो. आता तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या चिठ्ठीवर ‘हो’ आहे. त्यांनी भाडेकरू ठेवलाय की त्यांच्या नाण्याने तसं लिहायला लावलं? कोणालाच सांगता येणार नाही, सेक्रेटरींनाही नाही.

पण सगळ्या चिठ्ठ्या मिळून खरं बोलतात. दोनशे घरांपैकी साधारण शंभर जणांना पहिल्यांदा छापा पडेल, ते खरं सांगतील. उरलेल्या शंभरांतले साधारण पन्नास नुसते नाण्यामुळे ‘हो’ लिहितील. समजा एकूण ८० ‘हो’ आले. त्यातले ५० नाण्याचे वजा केले, ३० उरले. म्हणजे खरं सांगणाऱ्या शंभरांतले ३०, तीस टक्के. दोनशे घरांत अंदाजे साठ. आकडा हाती आला, आणि एकाचंही गुपित फुटलं नाही.

याच कल्पनेला २००६ मध्ये सिंथिया ड्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काटेकोर गणिताचा पाया दिला आणि तिला ‘डिफरेन्शियल प्रायव्हसी’ असं नाव पडलं. ॲपल २०१६ पासून आयफोनवर अशी पद्धत वापरतं. फोन तुमच्या माहितीत मुद्दाम थोडी भेसळ करून ती पाठवतो. एकट्याची माहिती बघाल तर काही कळत नाही, लाखांची बघाल तर कल कळतो. त्याला किंमत पडते, हे लपवण्यात अर्थ नाही. माणसं कमी असली तर भेसळीत खरं बुडून जातं. वीस घरांच्या इमारतीत ही नाण्याची युक्ती करू नका, उत्तर फसवं येईल.

कधी कधी तर माणसाची माहिती मुळात लागतच नाही. लोकल कुठवर आली हे दाखवायचं तर दोन मार्ग आहेत. एक, डब्यातल्या प्रवाशांचे फोन कुठे आहेत त्यावरून ओळखणं. दुसरा, गाडीवरच जीपीएस यंत्र बसवणं. मध्य रेल्वेने २०२२ मध्ये ‘यात्री’ ॲपमध्ये दुसरा मार्ग घेतला. गाडीला खासगी आयुष्य नसतं. तिचा कितीही माग काढा.

ज्यांनी ॲप घेतलंच नाही

आता जे मला सगळ्यात जास्त खुपतं ते सांगते. आपण सतत आपल्या परवानगीबद्दल बोलतो. ज्यांना कोणी विचारलंच नाही त्यांचं काय?

आमच्या सोसायटीच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करणारं ॲप आहे. सामान पोचवायला कोण आलं ते फोनवर कळतं, चांगली सोय आहे. त्यातच घरकाम करणाऱ्या बायकांचीही नोंद होते. आमच्याकडे येणाऱ्या मावशी चार घरची कामं करतात. एक दिवस भांडी घासता घासता म्हणाल्या, "ताई, ते मोबाईलमध्ये आमचं सगळ्यांना का दिसतं?" मी ॲप उघडून पाहिलं. त्या किती वाजता गेटमधून आत आल्या, कोणकोणत्या घरी काम करतात, किती खाडे झाले, कोणी किती तारे दिले, हे सोसायटीतल्या कोणालाही दिसत होतं. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी त्यावरूनच त्यांना फैलावर घेतलं होतं, की आधी दुसऱ्यांकडे जाऊन मग आमच्याकडे उशिरा येता.

मावशींच्या फोनवर ते ॲप नाही. परवानगीची चौकट त्यांच्यासमोर कधी आलीच नाही. त्यांच्या दिवसाचा नकाशा मात्र आमच्या सगळ्यांच्या खिशात होता.

तीन मीटिंगा गेल्या. सुरक्षेचा प्रश्न आहे, असं पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं. सुरक्षेसाठी गेटवर नोंद हवी, हे मलाही मान्य. पण त्यासाठी पाचव्या मजल्याला दुसऱ्या मजल्याची कामवाली दिसायची गरज नाही, आणि ताऱ्यांचा सुरक्षेशी संबंध नाही. शेवटी सेटिंग बदललं: जिथे काम करतात त्याच घरांना नोंद दिसते, तारे बंद, जुन्या नोंदी महिन्याने जातात. मी मावशींना फोन दाखवून हे समजावलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं."

आपल्या फोनमधले कॉन्टॅक्ट्स ही अशीच दुसऱ्यांची वस्तू आहे. कर्ज देणारी काही ॲप्स ती यादी उचलून हप्ता थकला की नातेवाइकांना, ऑफिसातल्या लोकांना फोन करून माणसाची अब्रू काढायची. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम आणले, त्यात कर्जाच्या ॲपने कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग, फोनमधल्या फाईली यांना हात लावायचा नाही असं स्पष्ट सांगितलंय. कॅमेरा, माईक, लोकेशन हे केवायसीसारख्या कामापुरतं, एकदाच, आणि ग्राहकाची संमती घेऊनच. आज कुठलं कर्जाचं ॲप कॉन्टॅक्ट्स मागत असेल तर ते तिथल्या तिथे काढून टाका.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निकाल दिला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत दिली आहे. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. त्या कायद्यातच एक उदाहरण दिलंय, ते मला फार आवडतं. एका बाईने डॉक्टरांचा सल्ला देणारं ॲप घेतलं. ॲपने उपचारासाठी माहिती मागितली आणि कॉन्टॅक्ट्सही मागितले. तिने दोन्हीला हो म्हटलं. तरीसुद्धा कॉन्टॅक्ट्सपुरती ती संमती धरली जाणार नाही, कारण डॉक्टरच्या सल्ल्याला कॉन्टॅक्ट्स लागत नाहीत. म्हणजे घाईत ‘हो’ दाबलं म्हणून सगळं देऊन टाकलं असं होत नाही. शिवाय दिलेली संमती परत घेणं ती देण्याइतकंच सोपं असायला हवं, आणि संमती मागणारी सूचना मराठीतही वाचायला मिळाली पाहिजे. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेचा पर्याय द्यावा लागेल. माझ्या आईसारख्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

गेल्या रविवारी दुपारी तिचा फोन घेऊन बसलो. सेटिंगमध्ये प्रायव्हसी, तिथे परवानग्यांची यादी. कुठल्या ॲपने गेल्या चोवीस तासांत लोकेशन कितीदा घेतलं, हे अँड्रॉइडवर बाराव्या आवृत्तीपासून एका पानावर दिसतं. वरून तिसऱ्या ओळीत पंचांगाचं ॲप होतं. लोकेशन: नेहमी.

"पंचांगाला कशाला गं?" आई म्हणाली.

खरं तर पंचांगाला थोडं लागतं. सूर्योदय, चंद्रोदय गावागणिक बदलतो, संकष्टीला तेच तर बघायचं असतं. पण ते ठाणे एवढं कळलं तरी पुरतं. ‘अंदाजे’ केलं, ‘ॲप वापरताना’ केलं. टॉर्चच्या ॲपला माईक दिलेला होता, ते काढूनच टाकलं, फोनला स्वतःचा टॉर्च आहे. नकाशाला अचूक राहू दिलं, कारण ती नेरूळला तिच्या बहिणीकडे एकटी जाते आणि सेक्टरांमध्ये हमखास चुकते. एका दुकानाच्या ॲपचं लोकेशन मी बंद करायला निघाले तर तिने हात धरला. "असू दे, ते जवळ गेलं की सवलत सांगतं." तिचा फोन, तिचा निर्णय. फक्त ‘नेहमी’चं ‘वापरताना’ करूया का विचारलं, तर म्हणाली, मग सवलत कशी सांगेल? बरोबर होतं तिचं. तसंच ठेवलं.

मग एक गोष्ट निघाली जी मी विसरलेच होते. कोविडच्या दिवसांत मी माझं लोकेशन तिच्याबरोबर शेअर केलं होतं, कायमचं. चार-पाच वर्षं तिच्या फोनवर मी चोवीस तास ठिपका होऊन फिरत होते. म्हणजे ते बुधवारही तिथे होते. मी तिच्याकडे बघितलं. तिने नजर फोनवरच ठेवली.

"मी रात्री तेवढं बघते, गाडीत बसलीस की नाही," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "बाकीचं बंद करता येतं का?"

येतं. कायमचं शेअरिंग काढलं. त्याऐवजी माझ्याच फोनवर एक छोटा नियम करून ठेवलाय: संध्याकाळी सहानंतर ठाणे स्टेशनच्या हद्दीत शिरले, की तिला एक मेसेज जातो. ‘ठाण्याला आले.’ तेवढंच. तो मेसेज आला की ती कुकर लावते.